शत्रूच्या घरी समाचाराला

इस्रायलमध्ये वसंतातल्या एका संध्याकाळी, बरोबर आठ वाजता, देशभर भोंगा वाजतो. एक मिनिटभर. हमरस्त्यावरच्या गाड्या जागच्या जागी थांबतात, माणसं दार उघडून बाहेर येतात आणि रस्त्यातच मान खाली घालून उभी राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा भोंगा, या वेळी दोन मिनिटं. हा 'योम हाझिकारोन', युद्धांत कामी आलेल्या सैनिकांचा आणि हल्ल्यांत बळी गेलेल्या नागरिकांचा स्मृतिदिन. त्या दिवशी सूर्य मावळला की लगेच स्वातंत्र्यदिन सुरू होतो. दुखवटा आणि उत्सव यांच्यामध्ये उसंत नाही, आणि ती मुद्दामच ठेवलेली नाही. ही माणसं गेली म्हणून हा देश उभा आहे, एवढं एका दिवसात सांगून होतं.

लोद, रामले, दिमोना, अश्दोद इथल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली घरांतही हाच भोंगा ऐकू येतो. कोकणातून गेलेल्या त्या लोकांची मुलं-नातवंडं इतरांसारखीच सक्तीच्या लष्करी सेवेत जातात. त्यामुळे हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांबचा नाही.

2006 पासून त्याच संध्याकाळी आणखी एक शोकसभा भरते. तिच्या मंचावर एक इस्रायली आणि एक पॅलेस्टिनी निवेदक असतो. एक हिब्रूत बोलतो, दुसरा अरबीत. मग मुलगा गेलेली इस्रायली आई बोलते, भाऊ गेलेला पॅलेस्टिनी माणूस बोलतो. समोर बसलेल्यांत दोन्हीकडचे लोक असतात. पहिल्या वर्षी तेल अवीवमध्ये मूठभर माणसं जमली होती. 2019 मध्ये सुमारे 9,000 आली. 2020 ला करोनामुळे सभा ऑनलाइन घ्यावी लागली, तेव्हा ती सुमारे 2 लाख लोकांनी पाहिली. 2023 ला तेल अवीवच्या यार्कोन उद्यानात 15,000 च्या आसपास लोक होते.

एवढ्या साध्या कार्यक्रमावर इतका राग का, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. तीन वेगवेगळ्या संरक्षणमंत्र्यांनी ही सभा अडवायचा प्रयत्न केला, सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं आणि तिथे येणाऱ्यांना दारातच 'गद्दार' म्हणून शिव्या खाव्या लागल्या. मला वाटतं, उत्तर शोधायला मंचापासून नव्हे, एका घराच्या उंबऱ्यापासून सुरुवात करायला हवी.

उघडं दार

ज्यू घरात माणूस गेलं की सात दिवस 'शिवा' पाळतात. घरचे लोक बैठ्या आसनांवर बसून राहतात, आणि ओळखीचे-अनोळखी येऊन भेटून जातात. पॅलेस्टिनी घरांतही तीन दिवस 'अझा' असते. खुर्च्या मांडतात, कडू कॉफी फिरते, कुराणाचं पठण चालतं. आपल्याकडे समाचाराला जातात, तसंच. काही न बोलता शेजारी बसायचं, पाण्याचा पेला पुढे करायचा. भाषा वेगळ्या, रीत एकच.

जुलै 1994 मध्ये आरिक फ्रँकेंथाल नावाच्या 19 वर्षांच्या इस्रायली सैनिकाचं हमासने अपहरण केलं आणि त्याला मारलं. त्याचे वडील यित्झाक फ्रँकेंथाल धार्मिक ज्यू. त्यांनी जे केलं ते आजही चटकन समजत नाही. जुन्या वर्तमानपत्रांतून त्यांनी आपल्यासारखी मुलं गमावलेली घरं शोधून काढली आणि त्यांना गाठायला सुरुवात केली. 1995 मध्ये त्यातून 'पेरेंट्स सर्कल – फॅमिलीज फोरम' ही संघटना उभी राहिली. 1998 मध्ये गाझातल्या शोकग्रस्त पॅलेस्टिनी कुटुंबांशी पहिल्या भेटी झाल्या. 2000 मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला आणि गाझाशी धागा तुटला. मग इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेममधली कुटुंबं आली. आज या संघटनेत दोन्हीकडची मिळून सहाशेहून अधिक कुटुंबं आहेत. सभासद व्हायची अट एकच, आणि ती पूर्ण व्हावी असं कुणालाच वाटत नाही: या संघर्षात घरातलं जवळचं माणूस गेलेलं असलं पाहिजे.

4 सप्टेंबर 1997 ला जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावर आत्मघाती स्फोट झाले. शाळेचं नवं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. स्मदार एल्हानान मैत्रिणींबरोबर पुस्तकं घ्यायला गेली होती. चौदावं वर्ष पुरं व्हायला थोडेच दिवस होते. तिचे वडील रामी एल्हानान ग्राफिक डिझायनर, 1973 च्या युद्धात लढलेले. शिवाच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असताना डोक्यावर किप्पा घातलेला एक धिप्पाड माणूसही येऊन बसून गेला होता. ते फ्रँकेंथाल. जवळपास वर्षभराने दोघांची गाठ पडली तेव्हा रामी त्यांच्यावर उखडलेच. नुकतंच लेकरू गेलेल्या घरात पाय ठेवून शांततेच्या गोष्टी बोलायची हिंमत कशी होते तुमची? फ्रँकेंथाल यांनी रागाला उत्तर दिलं नाही, फक्त बैठकीला बोलावलं.

रामी गेले, पण बाजूला उभे राहिले, थोडे कुत्सितपणेच बघत. हे सगळं ते स्वतः अनेकदा सांगतात. बसमधून पॅलेस्टिनी माणसं उतरत होती. तोवर त्यांच्या आयुष्यात पॅलेस्टिनी म्हणजे एक तर रस्त्यावरचा मजूर, नाहीतर दहशतवादी. पायघोळ काळ्या झग्यातली एक बाई खाली उतरली. तिच्या छातीवर सहा वर्षांच्या मुलाचा फोटो होता. रामींची बायको नुरितही स्मदारचा फोटो असाच छातीशी धरायची. त्या दिवसापासून रामी याच कामात आहेत. त्यांनी तेव्हा कुणाला माफ केलं नव्हतं, राजकीय मत बदलल्याचंही जाहीर केलं नव्हतं. फोटो धरायची एक पद्धत त्यांनी ओळखली, एवढंच.

लढलेल्यांची बाजू

ही शोकसभा दोन संघटना मिळून भरवतात. एक 'पेरेंट्स सर्कल', दुसरी 'कॉम्बॅटंट्स फॉर पीस'. ही लढलेल्या लोकांची संघटना. वेस्ट बँकमध्ये सेवा करायला नकार दिलेले इस्रायली सैनिक आणि इस्रायली तुरुंगात वर्षं काढलेले पॅलेस्टिनी 2005 मध्ये वेस्ट बँकमधल्या बेत जालाच्या टेकडीवर गुपचूप भेटू लागले. जागा मुद्दाम निवडलेली होती. वेस्ट बँकच्या मोठ्या गावांत इस्रायली नागरिकांना कायद्याने बंदी, तसे लाल फलकच रस्त्यावर लावलेले. उलट पॅलेस्टिनींना परवान्याशिवाय इस्रायलमध्ये जाता येत नाही. दोघांनाही कायदा न मोडता पोचता येईल असे तुकडे फार थोडे, आणि बेत जालाच्या कडेला तसा एक आहे. पहिल्या भेटींत दोन्हीकडच्यांना हा सापळा असेल अशीच धास्ती होती. 2006 मध्ये त्यांनी संघटना जाहीर केली.

पॅलेस्टिनींकडून आलेल्यांत बसाम अरामिन होते. वयाच्या सतराव्या वर्षी पकडले गेले आणि सात वर्षं तुरुंगात राहिले. इस्रायलींकडून आलेल्यांत रामींचा मुलगा एलिक होता. 16 जानेवारी 2007 ला जेरुसलेमजवळच्या अनाता इथे बसाम यांची दहा वर्षांची मुलगी अबीर शाळेबाहेर असताना सीमा पोलिसाने झाडलेली रबरी आवरणाची गोळी तिच्या डोक्याला मागून लागली. तिला जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयात हलवलं. दोन-तीन दिवसांनी ती गेली. त्या दिवसांत रुग्णालयात बसाम यांच्या शेजारी उभं राहायला माजी इस्रायली सैनिक आले, रामी आणि नुरित आले. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या घरी लोक समाचाराला आले होते, ते आता समाचाराला गेले.

फौजदारी चौकशी पुराव्याअभावी बंद झाली, कुणावरही खटला चालला नाही. बसाम दिवाणी न्यायालयात गेले. 2010 मध्ये न्यायालयाने अबीरच्या मृत्यूला सरकार जबाबदार असल्याचं मान्य केलं आणि पुढे भरपाई दिली गेली. बसाम यांनी नंतर ब्रॅडफर्ड विद्यापीठात जाऊन होलोकॉस्टचा अभ्यास केला. अबीरच्या शाळेत मुलांसाठी खेळायची जागा नव्हती. ती बांधायला संघटनेतले इस्रायली माजी सैनिक आले, त्यांनी हातांनी काम केलं.

इथे एक गोष्ट सरळ लिहिली पाहिजे. स्मदारचे मारेकरी स्फोटात मेले, अबीरला मारणारा घरी गेला. रामी कधीही गाडी काढून समुद्रावर जाऊ शकतात, बसाम यांना नाके ओलांडावे लागतात. दुःख सारखं असलं तरी जगणं सारखं नाही. संघटनेचे लोक हे झाकत नाहीत. लष्करी ताबा संपल्याशिवाय शांतता नाही, हे 'कॉम्बॅटंट्स फॉर पीस' पहिल्या दिवसापासून म्हणत आली आहे. गळ्यात गळे घातलेले फोटो पाहून ज्यांना हे सगळं गोडगोड वाटतं, त्यांनी ही बाजूही पाहावी.

सभा आणि परवाना

शोकसभेची कल्पना बुमा इनबार यांची. त्यांचा मुलगा योताम 1995 मध्ये लेबनॉनमध्ये मारला गेला. सरकारी समारंभात मुलाचं नाव घेतलं जाई, सलामी दिली जाई, पण आपलं दुःख पुढच्या लढाईच्या कामी लावलं जातंय असं त्यांना वाटे. मग दोन्ही संघटनांनी मिळून हा कार्यक्रम हाती घेतला.

मी तो गेली काही वर्षं पडद्यावर, भाषांतराच्या ओळी वाचत पाहिला आहे. त्यात चकित करणारं काही नसतं. कुणी कुणाची मंचावर माफी मागत नाही, नकाशे काढत नाही. माणूस येतो, कागद उघडतो, गेलेल्याचं नाव सांगतो. त्याला काय आवडायचं, सकाळी घरातून निघताना काय म्हणाला होता, बातमी कुणी आणली. ही बातमी येण्याची गोष्ट प्रत्येकाच्या सांगण्यात असते आणि ती प्रत्येक वेळी सारखीच असते. दारावर थाप, फोन, शेजाऱ्याचा पडलेला चेहरा. अरबीतला सांगू लागला की हिब्रू ओळी खाली येतात, हिब्रूतला सांगू लागला की अरबी. काही वेळाने कोणती भाषा चालू आहे याकडे लक्ष राहत नाही.

2018 च्या सभेत लेखक डेव्हिड ग्रॉसमन बोलले. त्यांचा मुलगा उरी 2006 मध्ये लेबनॉनच्या युद्धाच्या शेवटच्या दिवसांत गेला. पॅलेस्टिनींना घर नसेल तर इस्रायलींनाही घर नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याच आठवड्यात त्यांना देशाचा सर्वोच्च सांस्कृतिक सन्मान मानला जाणारा इस्रायल पुरस्कार मिळणार होता. त्याची निम्मी रक्कम या शोकग्रस्त कुटुंबांच्या संघटनेला आणि आश्रय मागणाऱ्यांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला देत असल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं.

आता परवान्याकडे येऊ, कारण प्रकरणाचा गाभा इथे आहे. स्मृतिदिन आणि स्वातंत्र्यदिन या दिवसांत इस्रायल वेस्ट बँकची सरसकट नाकाबंदी करतं. रोजचे परवाने चालत नाहीत. म्हणजे शोकसभेला यायचं तर पॅलेस्टिनी आई-बापांना खास परवाना हवा, आणि तो द्यायचा की नाही हे शेवटी संरक्षणमंत्री ठरवतात. 2017 मध्ये परवाने मिळाले नाहीत. पॅलेस्टिनींनी बेत जालातच सभा घेतली आणि दोन्ही सभा एकमेकींना थेट प्रक्षेपणाने जोडल्या. 2018 मध्ये अविग्दोर लिबरमन यांनी परवाने नाकारले. ही स्मृतिसभा नसून बेचव प्रदर्शन आहे असा त्यांचा सूर होता. सर्वोच्च न्यायालयाने 90 जणांना येऊ द्यायला सांगितलं. 2019 मध्ये संरक्षण खातं खुद्द पंतप्रधान नेतन्याहूंकडे होतं. 181 जणांना नकार गेला, न्यायालयाने साधारण शंभरांना वाट मोकळी करून दिली. 2023 मध्ये योआव गॅलंट यांनी तेच केलं आणि न्यायालयाने पुन्हा तेच उत्तर दिलं. दुखवटा कसा आणि कुणाबरोबर पाळायचा हे ठरवण्याचा त्या कुटुंबांचा हक्क मंत्र्याने नीट तोलला नाही, असा या निकालांचा रोख.

मुलगा गेलेल्या बाईला कुणाच्या शेजारी बसून रडायचं यासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, हे वाचताना मला थांबावं लागलं. मंत्र्यांचा विरोध वरवर सुरक्षेचा असला तरी त्यामागे दुसरं काहीतरी आहे. मेलेली माणसं बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने कुणीतरी बोलतं. सरकार बोलतं, पक्ष बोलतात, भिंतींवरची चित्रं बोलतात. पॅलेस्टिनी गल्लीत तरुण पोराच्या फोटोवर 'शहीद' लिहिलेलं असतं. तोच अरबी शब्द आपल्याकडे गावाच्या वेशीवरच्या फलकावर जवानाच्या नावाआधी असतो. शब्दात मान आहे, पण त्यात एक मागणीही दडलेली असते: याचा हिशोब चुकता करा. आईने उभं राहून 'माझ्या पोराच्या नावाने हिशोब नको' म्हटलं की तो शब्द लटका पडतो. तिच्यापुढे कुणाचा अधिकार चालणार?

'माझ्या मुलाच्या नावाने नको'

रॉबी डॅमेलिन मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या. त्यांचा मुलगा डेव्हिड 28 वर्षांचा, तत्त्वज्ञान शिकणारा. राखीव सेवेसाठी बोलावलं तेव्हा वेस्ट बँकमध्ये जायचं की नाही यावर त्याचं मन दुभंगलं होतं. 3 मार्च 2002 ला ओफ्राजवळच्या नाक्यावर एका नेमबाजाने दहा जणांना मारलं, त्यांत डेव्हिड होता. लष्कराची माणसं बातमी घेऊन दारात आली तेव्हा रॉबी यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, की माझ्या मुलाच्या नावाने तुम्ही कुणालाही मारायचं नाही. त्या म्हणतात, ते कुठून आलं मला माहीत नाही.

2004 मध्ये नेमबाज पकडला गेला. रॉबी यांनी त्याच्या आईवडिलांना पत्र लिहिलं, संघटनेतल्या दोन पॅलेस्टिनींनी ते पोचवलं. पुढे कधीतरी तुरुंगातून त्या नेमबाजाचं उत्तर जाहीर झालं, ते कडवट होतं. आपण केलं ते स्वातंत्र्याच्या लढ्याचाच भाग, असं त्याने म्हटलं होतं. गोष्ट इथे गोड होत नाही. रॉबी मग दक्षिण आफ्रिकेत गेल्या, वर्णद्वेषी राजवटीनंतर तिथे मारणारे आणि मेलेल्यांचे नातेवाईक एकमेकांसमोर कसे बसले हे पाहायला. माफ करणं म्हणजे नेमकं काय, हे त्या तिथे विचारत फिरल्या.

वेस्ट बँकमधल्या बेत उम्मारचे अली अबू अव्वाद यांचीही वाट अशीच उंबऱ्यातून गेली. ते आणि त्यांची आई, दोघंही तुरुंगात राहिलेले. 2000 मध्ये त्यांचा भाऊ युसुफ इस्रायली सैनिकाच्या गोळीने गेला. पुढे यित्झाक फ्रँकेंथाल त्यांच्या घरी आले आणि आईने त्यांना आत घेतलं. इस्रायली माणूस रडताना आपण पहिल्यांदा पाहिला, असं अली सांगतात. 2023 चा इंदिरा गांधी शांतता पुरस्कार अली आणि संगीतकार डॅनिएल बॅरनबॉइम यांना मिळून जाहीर झाला. आपल्याकडे त्याची बातमी एका कोपऱ्यात आली आणि गेली.

दोन्हीकडून दगड

विरोध फक्त इस्रायली उजव्यांचा नाही. अनेक इस्रायली शोकग्रस्त कुटुंबांना मनापासून वाटतं की आपल्या मुलाला आणि त्याच्या मारेकऱ्यांच्या माणसांना एका पंक्तीत बसवलं जातंय, आणि तेही वर्षातल्या या एकाच दिवशी. हे दुखणं खोटं नाही. पॅलेस्टिनींच्या बाजूला 'ततबी' म्हणजे 'सगळं सुरळीत असल्याचा देखावा' असा आक्षेप आहे. घर पाडलं जातंय, जमीन जातेय, आणि तुम्ही तेल अवीवच्या मंचावर जाऊन रडता? तिथे गेलेल्या माणसाला परतल्यावर गल्लीत तोंड द्यावं लागतं. मला यातला दुसरा आक्षेप जास्त जड वाटतो, कारण ती किंमत मोजणाऱ्याच्या हातात मुळातच कमी आहे. त्यावर सभासदांचं उत्तर असं, की आम्ही सगळं सुरळीत आहे म्हणायला जात नाही, बिघडलेलं आहे हे त्यांच्याच दारात सांगायला जातो. 2020 पासून 'कॉम्बॅटंट्स फॉर पीस' मे महिन्यात नकबाचीही संयुक्त स्मृतिसभा घेते, 1948 मध्ये घरं सुटलेल्या पॅलेस्टिनींसाठी. म्हणजे समाचाराला जाणं आता दोन्ही बाजूंनी आहे.

'पेरेंट्स सर्कल'चं शाळांतलं काम मात्र कापलं गेलं. एक इस्रायली आणि एक पॅलेस्टिनी असे दोघं मिळून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसमोर बसत, लष्करात जायच्या आधीच्या वयात. 2023 मध्ये इस्रायलच्या शिक्षण खात्याने संघटनेला शाळांच्या कार्यक्रमांच्या यादीतून काढलं. माझ्या मते हे नुकसान परवान्यांपेक्षा मोठं आहे.

मग 7 ऑक्टोबर 2023 आला. हमासच्या हल्ल्यात सुमारे 1,200 माणसं मेली, 251 ओलीस नेली गेली. त्यानंतर गाझात मेलेल्यांची संख्या दहा हजारांच्या कित्येक पट झाली. हमासच्या हल्ल्यात मेलेल्यांत शांततेसाठी आयुष्य घातलेल्या विव्हियन सिल्व्हर होत्या, बेरी या किबुत्झमधल्या, म्हणजे सामूहिक वस्तीतल्या, घरात. संघटना मोडेल असं बाहेरच्यांना वाटलं. सभासदांत खडाजंगी झाली, कुणी कुणाशी काही दिवस बोललं नाही, पण ती मोडली नाही. ज्यांनी आधीच सगळ्यात वाईट पाहिलं होतं, त्यांना एकमेकांना फोन करायची सवय होती.

2024 ची सभा आधीच चित्रित करून दाखवावी लागली, पॅलेस्टिनींना येणं शक्य नव्हतं. 29 एप्रिल 2025 ला याफामध्ये थोडे लोक प्रत्यक्ष जमले आणि देशात-परदेशात अनेक ठिकाणी पडदे लावले गेले. रानाना गावातल्या सुधारणावादी ज्यूंच्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, लोक सभा पाहायला बसले असताना बाहेर जमाव जमला. दगड आले. आत बसलेल्यांना पोलिसांच्या बंदोबस्तात बाहेर काढावं लागलं. तिकडे याफामधली सभा चालूच होती. मंचावर एक जण कागद उघडून आपल्या माणसाचं नाव सांगत होता, आणि पडद्याच्या तळाशी त्या नावाचा दुसऱ्या भाषेतला उच्चार येत होता.